गळ निघाला दर्याला!

काय दोस्तांनो, पंचगंगेच्या काठावर गळ टाकून तासन् तास बसायची सवय आहे ना तुम्हाला? घरून कणकेचा गोळा, डबक्याच्या कडेची ओली माती उकरून काढलेली गांडुळं, बांबूची काठी आणि बुचाचा तुकडा, एवढ्या भांडवलावर चिलापी, शिंगाळा, नशीब जोरावर असेल तर मरळ किंवा वामसुद्धा! कोल्हापुरात अशी पोरं गल्लोगल्ली सापडतील. आणि त्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक स्वप्न असतंच : एकदा समुद्रावर जायचं. खऱ्याखुऱ्या दर्यात गळ टाकायचा!

तर या दिवाळीच्या सुट्टीत त्या स्वप्नाचं काहीतरी करू या. समुद्र कोल्हापूरपासून काही लांब नाही. मालवण दीडशे किलोमीटरच्या आसपास. मध्यवर्ती बसस्थानकावरून सकाळची एस.टी. धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस मालवणात. एक रस्ता गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटानं खाली वैभववाडीला उतरतो, दुसरा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटानं. यातला कुठला ना कुठला घाट दुरुस्तीसाठी किंवा दरड कोसळली म्हणून अधूनमधून बंद असतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी करा. आणि हो, बरोबर घरातलं एक मोठं माणूस हवंच. मामा, काका, थोरला चुलतभाऊ, कुणीही चालेल. पण पोहता येणारं आणि तुमच्यावर ओरडायची हिंमत असलेलं!

ज्यांना ऑक्टोबरपर्यंत धीर धरवत नाही त्यांच्यासाठी : जून-जुलैमध्ये जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात आणि दर्याही खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी मंडळी होड्या पाण्यात ढकलतात खऱ्या, पण तो दर्या त्यांच्यासाठी. आपल्यासारख्या नवख्यांसाठी समुद्र निवळतो तो दसऱ्यानंतर.

गळ नव्हे, गरी!

पहिली गोष्ट म्हणजे भाषा. आपण गळ टाकायला जातो, मालवणात ‘गरवायला’ जातात. गळाचा आकडा तिथं ‘गरी’. आपली नायलॉनची दोरी म्हणजे तंगूस, तो शब्द मात्र दोन्हीकडं चालतो. कोळंबीला तिथं ‘सुंगटां’ म्हणतात, आणि समुद्रात आमिष म्हणून हीच लागते. कणकेचा गोळा खाऱ्या पाण्यात विरघळून जातो आणि गांडूळ काही वेळातच पांढरं पडून मऊ होतं. तेव्हा ती बरणी घरीच ठेवा, आईही खूश होईल. मासळी बाजारात वाटाभर लहान कोळंबी घ्या, सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, झालं आमिष तयार.

धक्क्यावर बसलेला एखादा म्हातारा विचारेल, ‘‘खंयसून इलास रे?’’ घाबरू नका, तो फक्त ‘कुठनं आलास’ एवढंच विचारतोय. ‘‘कोल्हापुरातनं आलोय, काका,’’ म्हणून सांगा आणि शेजारी बसून घ्या. पहिला अर्धा तास स्वतःचा गळ पिशवीतून काढूच नका. त्यांचं शिसं केवढं आहे, गरी केवढी आहे, किती लांब फेकतात आणि झटका कधी देतात, एवढं बघा. पुस्तकातून जे आठ दिवसांत कळणार नाही ते अर्ध्या तासात कळतं.

नदीवरची काठी समुद्रावर चालते का? खाडीच्या काठाला, धक्क्यावर चालते. उघड्या किनाऱ्यावर मात्र लाटेच्या पलीकडं फेकायचं तर रीळ असलेली लांब काठी लागते. नसेल तर नुसत्या तंगुसानं गरवणारे तिथं कितीतरी आहेत. लाकडाच्या फळीला किंवा प्लॅस्टिकच्या डब्याला तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिसं, शिशाच्या वर गरी; तंगूस बोटावरून सोडायचा आणि मासा ओढतो ते थेट बोटालाच कळतं. मला विचाराल तर पहिल्या फेरीला हेच बरं. महागड्या रिळाच्या गोंधळात अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो. खारं पाणी लोखंडाचं वैरी आहे, म्हणून काठी, रीळ, गरी, सगळं संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवायचं, नाहीतर कोल्हापूरला येईपर्यंत गंज धरलेला असतो.

काय काय लागतं गळाला? वाळूच्या किनाऱ्यालगत मुडदुशी. बोटभर जाडीची, चंदेरी आणि चवीला फार गोड. खडकाच्या कपारीत गोबरा. खाडीत काळुंदर, तांबोशी, शेंगटी, आणि ज्याचं नाव काढलं की मालवणी माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं तो चोणक. बोयही खाडीत थव्यानं फिरते, पण ती गळाला सहजासहजी लागत नाही. पहिल्या दिवशी चोणकाची स्वप्नं बघायला हरकत नाही. पिशवीत बहुधा मुडदुशी आणि शेंगटीच येणार.

नदी एकीकडं जाते, दर्या दोन्हीकडं

आता मुद्द्याचं. नदीकाठच्या पोरानं समुद्रावर जाताना सर्वांत आधी काय शिकायचं असेल, तर भरती-ओहोटी.

पंचगंगेचं पाणी वाढतं तेव्हा आपल्याला दोन दिवस आधी चाहूल लागते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं याची चर्चा चहाच्या टपरीवर सुरू होते. समुद्रात मात्र पाणी रोज दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी. त्यामुळं आजच्यापेक्षा उद्याची भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते.

कोकणातल्या जुन्या माणसांकडं याचं एक झकास तोंडी गणित आहे. घरात कॅलेंडर असतंच, त्यातली तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ. समजा चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून बंदरावर विचारून खात्री करून घ्यायचीच. पण कोल्हापुरात बसून ‘कुठल्या दिवशी जावं’ हे ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो. त्याला म्हणतात भांग. नवख्यानं भांगाचे दिवस निवडावेत.

आणखी एक हिशेब वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे. ओहोटी संपल्यावर पाणी सहा तास चढतं, पण सारख्या वेगानं नाही. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी येतं! माणूस ओहोटीला खडकावरून चालत आत जातो, पहिला तासभर पाणी हलल्यासारखंही वाटत नाही, मासे लागत असतात, मजा चाललेली असते. आणि मग बघता बघता पुढचं नव्हे, मागचं पाणी भरतं. खडक आणि किनारा यांच्यामधला खोलगट भाग आधी बुडतो. समोर बघत बसलेल्याला कळतच नाही की परतीची वाट गेली.

म्हणून नियम असा : खडकावर जायचं ते ओहोटी चालू असताना, आणि पाणी पुन्हा चढायला लागलं की उठायचं. गळाला कितीही मोठा मासा असो. चांगली गोष्ट अशी, की मासे जास्त लागतात ते पाणी हलतं असताना, मग ते चढतं असो वा उतरतं. तेव्हा चढत्या पाण्याची सगळी हौस धक्क्यावर बसून भागवता येते.

आणि पोहण्याबद्दल. पंचगंगेच्या पुरात उड्या मारणारी आपली पोरं समुद्राला फारशी जुमानत नाहीत. मला याचीच भीती वाटते. २०१७ च्या एप्रिलमध्ये बेळगावहून कॉलेजच्या सहलीला आलेले आठ जण मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बुडून गेले. पाणी शांत दिसत होतं म्हणूनच माणसं आत उतरतात. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचं पाणी कुठूनतरी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या पट्ट्यातून जोरानं आत ओढत नेतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळं तीच जागा पोहायला चांगली वाटते! चुकून अशा ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडं पोहून दमू नका. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहा. पट्टा ओलांडला की ओढ संपते. तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहा आणि हात वर करून हाका मारा. पण आपण गरवायला चाललोय, पोहायला नाही. घोट्याच्या वर पाणी आलं की मागं, असं ठरवूनच जायचं. देवबागला जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा दिसायला फार सुंदर आहे, पण नदीचा आणि भरतीचा जोर तिथं एकमेकांशी झुंजत असतो. तिथं पाय ओला करण्याचीही गरज नाही. होडीत बसायची वेळ आलीच, तर लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे बांधलेले हवेत, मांडीवर ठेवलेलं नको.

जपानी भाऊबंद

गळाचं वेड काय असतं ते बघायचं तर जपानात जायला हवं. टोकियोसारख्या गर्दीच्या शहरात, इचिगाया नावाच्या रेल्वे स्टेशनाला लागून, गळ टाकायचे हौद आहेत. ऑफिस सुटलं की माणसं टाय लावूनच तिथं येतात, तासाचे पैसे भरतात आणि गळ टाकून बसतात. नदीवर जायचं तर तिथल्या मच्छीमार सोसायटीचं दिवसाचं तिकीट काढावं लागतं, आणि त्या पैशातून नदीत मत्स्यबीज सोडलं जातं. आपल्याकडं असं तिकीट निघालं तर मी पहिल्या रांगेत उभा राहीन.

‘आयु’ नावाचा त्यांचा एक नदीतला मासा आहे. तो फार भांडखोर. आपल्या हद्दीत दुसरा आयु आला की धावून जातो. जपानी गळवाले काय करतात? जिवंत आयुलाच दोरीला बांधून पाण्यात सोडतात, त्याच्यामागं मोकळे गळ लोंबत असतात. हद्दीचा मालक तावातावानं धडक मारायला येतो आणि गळात अडकतो. आमिष वगैरे काही नाही, फक्त भांडणाची खुमखुमी!

दिवसभर बसून एकही मासा लागला नाही, तर आपण म्हणतो ‘भोपळा’. जपानी माणूस म्हणतो ‘बोझू’. बोझू म्हणजे बौद्ध भिक्षू, तुळतुळीत डोक्याचा! भोपळा काय आणि गोटा काय, गळवाल्याचं दुःख सगळीकडं सारखंच.

हा मासा घरी आणायचा नाही

जपानची आठवण काढली त्याला आणखी एक कारण आहे. खाडीत आणि किनाऱ्यालगत एक बसकट, मोठ्या डोळ्यांचा, ससासारखे पुढं दात असलेला मासा तुमच्या गळाला लागेल. बाहेर काढला की पोटात हवा भरून टम्म फुगतो. हा केंड. कुणी फुग्याही म्हणतात. दिसायला मजेशीर, पण याच्या यकृतात, अंड्यांत, काही जातींच्या कातडीत नि मांसातसुद्धा भयंकर विष असतं. शिजवल्यानं, तळल्यानं ते जात नाही. आधी ओठ आणि जीभ बधिर होते, मग हातपाय, मग श्वास. त्यावर उतारा नाही.

जपानात याच जातकुळीचा मासा ‘फुगु’ म्हणून चवीनं खातात, पण तो कापायचा परवाना मिळवायला आचाऱ्याला वेगळं शिक्षण आणि परीक्षा द्यावी लागते. आणि तरीही १९७५ साली बांदो मित्सुगोरो हा तिथला काबुकी नाटकांतला फार मोठा नट फुगुचं यकृत खाऊन मरण पावला. आपल्याला काही होणार नाही, असं त्याला वाटलं होतं. तेव्हा केंड लागला तर हात न लावता पकडीनं गरी सोडवा आणि पाण्यात परत सोडा. मांजरालाही घालू नका. ओळखू न येणारा कुठलाही मासा धक्क्यावरच्या काका-मावशींना दाखवल्याशिवाय पिशवीत टाकायचा नाही.

शेंगटीला तर आपण ओळखतोच, आपल्या शिंगाळ्याची खारी बहीण. तिला तीन काटे : एक पाठीवर, दोन बाजूला. करवतीसारखे दाते आणि वर विषारी चिकटा. उडी मारताना नेमका तळहातात घुसतो. ओल्या जाड फडक्यानं धरून पकडीनं गरी काढायची. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास हात बुडवून ठेवा. उष्णतेनं ठणका कमी होतो. मग डॉक्टर. काटा आत मोडला असेल तर घरगुती शस्त्रक्रिया नको. गरी स्वतःच्याच बोटात रुतली तर तेच : उलटी ओढायची नाही, तंगूस कापायचा आणि सरळ दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन.

कुठं नाही, केवढा नाही

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आणि पद्मगडाभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, जवळपास २९ चौरस किलोमीटर. पाण्याखाली तिथं प्रवाळ आहे, खरंखुरं. तुटलेला तंगूस त्यात अडकला की वर्षानुवर्षं तसाच राहतो. कुठं गरवायला चालतं आणि कुठं नाही, ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या मालवणातल्या कार्यालयात विचारून घ्या. तंगुसाचे तुकडे खिशात घालून परत आणायचे, हे सांगायला नको.

लहान मासा परत सोडायचा. २०२३ मध्ये राज्य सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट, जो त्याच वर्षी आपला राज्यमासा झाला, १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायचा नाही. सोडताना हात आधी ओले करा. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो जगत नाही. (आणि जाता जाता : पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे गाभोळीचे मासे पिशव्या भरभरून मारण्यात आपल्याकडं मोठी मर्दुमकी समजतात. चढणीचा एक मासा म्हणजे हजारो मासे असतात, एवढं गणित पाचवीतल्या पोरालाही यायला हवं.)

सकाळी लवकर उठून चिवल्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर गेलात तर रापण बघायला मिळेल. लांबलचक जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर, होडी अर्धवर्तुळ मारून दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्हीकडून माणसं दोर ओढत ओढत एकमेकांकडं सरकतात. म्हातारे, बाया, पोरं, सगळी. तुम्हीही विचारून दोराला हात लावा. हात लावणाऱ्याला चार बांगडे द्यायची रीत आहे. मोठ्या पर्ससीन बोटी खोल समुद्रातच मासा घेरून नेतात म्हणून रापणीला मासा कमी येतो, अशी या लोकांची जुनी तक्रार आहे. २०१६ मध्ये सरकारनं त्या बोटींवर बंधनं घातली, तरी भांडण मिटलेलं नाही. रापणवाल्या काकांना विचारा, दोर ओढता ओढता सगळं सांगतील.

आता शेवटचा प्रश्न : मासे कोल्हापूरला न्यायचे कसे? कल्ले आणि पोटातली घाण धक्क्यावरच काढून टाका, समुद्राच्या स्वच्छ पाण्यानं धुवा. बर्फाच्या कारखान्यातून बर्फ घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात खाली बर्फ, वर मासे, पुन्हा बर्फ, आणि डबा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. घाट चढेपर्यंत पाणी सुटतं आणि एस.टी.च्या फळीवर ठेवलेला डबा खालच्या आजोबांच्या टोपीवर ठिबकतो, म्हणून तो पायापाशी धरून बसायचं. निघायच्या आधी एक गंमत मात्र करा. सर्वांत चांगला बांगडा पुसून कोरडा करा, त्याला ब्रशनं पातळ काळा रंग लावा आणि वर वर्तमानपत्राचा कोरा कागद ठेवून हलक्या हातानं दाबा. खवले, पर, शेपटी सगळं हुबेहूब उठतं. जपानात हे ‘ग्योताकु’ म्हणून एकोणिसाव्या शतकापासून करतात, कारण गळवाल्यानं सांगितलेली माशाची लांबी तिथंही कुणाला खरी वाटत नाही. रंग खाण्याचा असेल तर मासा धुऊन तव्यावर जाऊ शकतो. आईला तिरफळं आणि आमसुलं मात्र मालवणातूनच आणून द्या; महाद्वार रोडला मिळतीलही, पण ती ताजी तिथलीच.